सुनंदाकाकू आणि बिक्वीदची दोन पानं

हैदराबादेत आमच्या चिक्कडपल्लीच्या बिल्डिंगमध्ये मध्यंतरी एक बातमी जिन्याने वर-खाली फिरत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या सुनंदाकाकू कंधारकर म्हणे कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसून जप करतात. कोणी म्हणालं श्रीसूक्त, कोणी म्हणालं रामरक्षा. तळमजल्यावरच्या पद्मावतीआंटींनी तर मला जिन्यातच अडवलं. "ए पोरी, वो कौनसा मंत्रम् है, जरा पूछ के बोल ना. हमारे बाबू का एम्सेट है." मंत्राने मशीन चुकत नाही तर इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेत बाबू तरी का चुकेल, असा त्यांचा सरळ विचार.

जपबिप काही नाही. काकू पुटपुटतात एवढं खरं. पण काय पुटपुटतात ते ऐका: "बी, वाय, क्यू, यू, ई, टी, एच, ई, अंगठा." झाला तुमचा मंत्र. मी पद्मावतीआंटींना हे म्हणून दाखवलं, तर त्यांनी ते बीजमंत्र समजून कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं आणि अंगठा नेमका कुठे लावायचा ते विचारलं. बाबूचं जे व्हायचं ते होईल. काकूंचं काय झालं ते मात्र मला पहिल्यापासून शेवटपर्यंत ठाऊक आहे, कारण त्यात माझाही थोडा हात होता. हात म्हणजे, तोंड.

काकूंचं वय एक्कावन्न. चालणं भराभर, बोलणं त्याहून भराभर, आणि बोलताना दहाही बोटं हवेत हलतात, जसं काही समोर मशीन आहे. जामबागेतल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी बावीस वर्षं शिकवलं. कोठी भागातल्या कुठल्याही वकिलाच्या खोलीत जा, टाइप करणारा मान वर करून विचारणार, "मॅडम कैसे हैं?" त्यांची शिकवायची रीत एकच. विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा, त्याचे हात मशीनवर ठेवायचे आणि आपण अक्षरं सांगायची. "ए... एस... डी... एफ... अंगठा." शब्द सुटा करायची लांब पट्टी अंगठ्याने दाबतात, म्हणून अंगठा. हा आवाज नाकातून निघायचा, प्रत्येक अक्षरावर एक पायरी चढायचा आणि 'अंगठा'वर धपकन खाली बसायचा, जसं कोणी दमून पाटावर बसावं.

तो आवाज मी आठवीत असतानाच पकडला होता. माझ्याकडे बिल्डिंगमधले एकूण अकरा आवाज आहेत, दूधवाला आणि घरमालक धरून, पण काकूंच्या आवाजाला जेवढी मागणी, तेवढी कोणालाच नाही. हळदीकुंकवाला आई मला पडद्यामागे बसवून तो काढायला लावायची. काकूही हसायच्या. मात्र हसून झाल्यावर म्हणायच्या, "चारू, तुझी एफ फार खाली जाते गं."

गेल्या वर्षी इन्स्टिट्यूटचे मालक आबासाहेब यांनी पाटी उतरवली. त्यांच्याच गल्लीत कॉम्प्युटर शिकवणारे तीन क्लास निघाले होते आणि टायपिंगला येणारे पोट्टे सगळे तिकडे वळले होते. अठ्ठावीस रेमिंग्टन मशीनं भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढली. एकोणतिसावं काकूंना निरोपाच्या समारंभात मिळालं. नारळ, शाल आणि लोखंडाचं ते धूड. तिसऱ्या मजल्यावर आणेपर्यंत दोन हमाल आणि तीन शेजारी लागले.

काकूंचे मिस्टर जाऊन सहा वर्षं झालीत. मुलगा संदीप पुण्याला, मोटारींच्या नव्या कारखान्यात. दर रविवारी त्याचा फोन यायचा. "आई, आता बस झालं. तू इकडे ये. दिवाळी झाली की मी टेम्पो सांगतो, सामान घेऊन येऊ." तो हे इतक्या प्रेमाने म्हणायचा की त्याला नाही म्हणणं अवघड. भांडला असता तर काकूंनी त्याला केव्हाच गप्प केलं असतं.

काकूंना जायचं नव्हतं. माझ्या आईला त्या म्हणाल्या, "सकाळी नातवाला शाळेच्या बसमध्ये चढवायचं, दुपारी उतरवून घ्यायचं. मधल्या वेळात मी कोण?" शेवटी काकूंनीच संदीपशी ठरवून टाकलं. दिवाळीच्या आत पक्की नोकरी लागली तर त्या हैदराबादेत राहणार. नाही लागली, तर टेम्पो. संदीप म्हणाला, "ठीक आहे आई," आणि तो मनात हसला असणार, कारण एक्कावन्नाव्या वर्षी पक्की नोकरी कोण देतो?

दिली. म्हणजे, अर्धी दिली. हिमायतनगरात अक्षरा डेटा सर्व्हिसेस नावाची कंपनी आहे. तिसरा मजला, आत शिरताना चपला बाहेर, आतमध्ये फ्रिजात ठेवल्यासारखी थंडी. तिथं चाळीस जण दिवसभर इंग्रजी पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवतात. पुस्तकं विलायतेतली, झेरॉक्स कुरिअरने येतात. काकू लागल्या तेव्हा एका जाडजूड जुन्या शब्दकोशाचं काम चालू होतं. एकेक शब्द घेऊन तो कुठल्या शतकात कसा लिहीत, त्याचा अर्थ काय, तो आला कुठून, हे सगळं मुंगीएवढ्या अक्षरांत. एकच पान दोन जण वेगवेगळे बसून मारतात, म्हणजे टाइप करतात. मग कॉम्प्युटर एकावर एक ठेवून बघतो. जिथं जुळत नाही तिथं तिसरा माणूस मूळ कागद पाहून सांगतो, चूक कोणाची. तीन महिने कच्चे. तिसऱ्या महिन्याच्या कामात एकूण आठ चुका चालतात. नववी झाली की नमस्कार.

हा तिसरा माणूस म्हणजे सुपरवायझर नागेश. सव्वीस वर्षांचा, गळ्यात टाय, आणि काकूंचाच विद्यार्थी. टायपिंगच्या लोअर परीक्षेला दोनदा नापास झाला होता. काकूंना पहिल्या दिवशी बघून तो उभाच राहिला आणि त्यांनी "बस रे" म्हणेपर्यंत बसला नाही. काकूंच्या जोडीला होती शकीला. तिचं इंग्रजी तिच्या नावाच्या सहीपुरतं. तरी अख्ख्या मजल्यावर सगळ्यात कमी चुका तिच्या. (तिथल्या सगळ्यांचे आवाज मी दर शनिवारी डबा पोचवायच्या निमित्ताने जाऊन गोळा करून आणलेले आहेत, त्यामुळे खात्रीचे समजावेत.)

आता तुम्ही म्हणाल, बावीस वर्षं शिकवलेल्या बाईला यात काय अवघड? तेच तर. काकू चुकत होत्या, आणि रोज चुकत होत्या.

चांगला टायपिस्ट म्हणजे काय, तर वकिलाने घाईत काहीतरी खरडून दिलं तरी कागद मशीनमधून शुद्ध होऊन बाहेर येतो आणि वकिलाला पत्ताही लागत नाही. हे काकूंच्या हाडात मुरलेलं. त्यांना वाकडं दिसलं की हात आपोआप सरळ मारायचा. आणि हा कोश तर सगळा वाकडाच. चारशे वर्षांपूर्वीचे लोक इंग्रजी जसं मनाला येईल तसं लिहायचे आणि कोशवाल्यांना ते तसंच्या तसं हवं होतं. कंपनीच्या भिंतीवर पाटीच होती: दिसतं तेच मारा. काकूंना दिसायचं एक, बोटं मारायची दुसरं, आणि संध्याकाळी नागेश मान खाली घालून कागद घेऊन यायचा.

"मॅडमगारू, ये भी आप सुधार दिए." ('गारू' म्हणजे तेलुगूतलं 'जी'.)

"अरे, चुकीचं होतं ते."

"चुकीचाच होना मॅडमगारू. हमको गलतीच होना."

शकीलाला काकूंनी एकदा जेवताना विचारलं, तुझं कसं चुकत नाही गं? ती म्हणाली, "आंटी, आप पढ़ते कायकू? मैं तो पढ़तीच नै. देखती, मारती. देखती, मारती." हे काकूंनी मला सांगितलं तेव्हा त्या हसल्या, पण त्यांचं पुढचं वाक्य असं होतं: "आता या वयात वाचायचं कसं विसरू?"

पहिला महिना वाईट, दुसरा बरा, तिसऱ्यात त्या फार जपून चालल्या. तरी दिवाळीला दोन आठवडे उरले तेव्हा आठही चुका होऊन गेल्या होत्या. आणि राहिलेल्या कामाच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर होती 'बिक्वीद'ची दोन पानं.

बिक्वीद हा शब्द तुम्हाला माहीत नसेल तर बिघडत नाही, मलाही नव्हता. मृत्युपत्रात असतो. "आय गिव्ह, डिव्हाइज अँड बिक्वीद," म्हणजे मी माझ्यामागे अमुक वस्तू तमुकाला देत आहे. इन्स्टिट्यूटमध्ये वकिलांची टायपिंगची कामं यायची, त्यात मृत्युपत्रं फार. काकूंनी हा शब्द किती हजार वेळा मारला असेल देव जाणे. सुलतानबाजारात सावित्रीबाई म्हणून एक आजी होत्या, त्या दर दसऱ्याला नवीन मृत्युपत्र करायच्या. ज्या सुनेने त्या वर्षी जास्त सेवा केली तिला दगडी रगडा. सात वर्षांत रगडा सात वेळा इकडून तिकडे गेला आणि सातही वेळा काकूंनीच तो बिक्वीद केला. इतका हा शब्द बोटांत बसलेला. बी मारली की बाकीची सात अक्षरं आपोआप धावत सुटायची, जशी म्हैस गोठ्याकडे.

आणि या दोन पानांवर तोच शब्द तीसेक प्रकारांनी लिहिलेला. कुठे सुरुवातीला 'बी-आय', कुठे 'बी-वाय'. कुठे मधे 'क्यू-डब्ल्यू'. कुठे शेवटी एक जास्तीची 'ई' लटकलेली. असली जुनाट पानं आली की कंपनीत एकदा सरावाला मारू देतात, ती मोजत नाहीत. शनिवारी काकूंनी सरावाला मारली. शकीलाशी जुळवून पाहिलं तर एक्केचाळीस ठिकाणी फरक. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस काकूंच्या, आणि प्रत्येक ठिकाणी काकूंनी आजच्या पद्धतीचा शुद्ध, स्वच्छ, कोठीच्या वकिलाला आवडेल असा 'बिक्वीद' मारलेला.

नागेशने ती झेरॉक्स त्यांच्या हातात दिली. "घर लेके जाइये मॅडमगारू. रद्दी है, चलता. सोमवार को असली." मग जरा थांबून म्हणाला, "सोमवार को एक भी हुआ तो मेरे हात में नै है."

रविवारी दुपारी मी वर गेले तेव्हा काकू त्या रेमिंग्टनसमोर बसल्या होत्या आणि जमिनीवर कागदांचा सडा. संदीपचा फोन नुकताच होऊन गेला होता. टेम्पोवाल्याशी बोलणं झालंय म्हणे, तारीख तेवढी कळव.

"काय काकू, किती चुका झाल्या?"

"बावीस," काकू म्हणाल्या. "सकाळी सव्वीस होत्या. या वेगाने जमायला मला श्रावण उजाडेल."

मी ती पानं उचलून वाचायला लागले. मला वाटलं, निदान कळू तरी दे, हा शब्द मूळचा आहे तरी कोण. अक्षरं बारीक, मध्ये मध्ये मान मोडलेल्या 'डी'सारखं काहीतरी विचित्र अक्षर. पण थोडं थोडं लागत गेलं. हजार वर्षांपूर्वी इंग्रजीत 'क्वेदन' असं एक क्रियापद होतं. अर्थ, बोलणे. त्याला पुढे 'बे' चिकटला आणि झालं 'बेक्वेदन', म्हणजे एखाद्या गोष्टीबद्दल बोलणे, जाहीर सांगणे. तेव्हा कागद कोण करत होतं? माणूस खाटेवर पडल्या पडल्या चार लोकांसमोर सांगायचा, माझी गाय याला, माझी तलवार त्याला. तोंडाने सांगितलं की दिलं. पुढे सांगणं मागे पडलं, लिहिणं आलं, आणि शब्दाचा अर्थ 'मृत्युपत्राने देणे' एवढाच उरला. बाकी इंग्रजीतून तो कधीच गेला असता, वकिलांनी तेवढा धरून ठेवला.

मी हे सगळं काकूंना सांगितलं. त्यांचे हात मशीनवरून खाली आले.

"नुसतं बोलणं?"

"नुसतं बोलणं."

"बावीस वर्षं मारला मी तो," काकू म्हणाल्या, "आणि एकदाही वाटलं नाही गं, की हा काय म्हणतोय ते बघावं." मग म्हणाल्या, "सावित्रीबाईंना कळलं असतं तर टायपिंगला कशाला आल्या असत्या? गच्चीत उभ्या राहून ओरडल्या असत्या, रगडा धाकटीला."

दोघी हसलो. आणि हसता हसता, केवळ खोडी म्हणून, मी पंख्याखाली उभी राहिले, पान डोळ्यांसमोर धरलं आणि नाकातून काकूंचा आवाज काढला. "चला, रुमाल बांधा. डोकं घरी, बोटं इकडे. बी... वाय... क्यू... यू... ई... टी... एच... ई... अंगठा."

काकूंनी मला मारायला हात उचलला असता तर मी पळायच्या तयारीत होते. पण त्यांनी हात मशीनवर ठेवले होते. मी थांबले तसं त्या म्हणाल्या, "पुढे."

मी पुढे वाचलं. ओळ संपली की 'परत' म्हणायचं असतं, तेही म्हटलं. खटखट अशी चालली होती की खालून आईने वर ओरडून विचारलं, काय चाललंय. अर्धं पान झालं. काकूंनी कागद ओढून काढला, झेरॉक्सशेजारी ठेवला आणि दोघी अक्षर न् अक्षर बोट ठेवून तपासत बसलो. एकही चूक नाही. 'बी-वाय'चा 'बी-वाय', 'क्यू-डब्ल्यू'चा 'क्यू-डब्ल्यू', लटकलेल्या 'ई'सकट.

काकूंनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. मग म्हणाल्या, "माझा हात माझ्या डोळ्यांचं ऐकत नाही. माझ्या आवाजाचं ऐकतो."

"तो माझा आवाज होता," मी म्हणाले.

"एफ खाली जाते तुझी, पण चाललं," काकू म्हणाल्या. "आता मीच बोलते."

त्या स्वतःच स्वतःला अक्षरं सांगायला लागल्या. आधी जरा लाजून, मग अगदी वर्गात बोलावं तशा. शिकवणाऱ्याही त्याच, रुमाल बांधलेल्याही त्याच. संध्याकाळपर्यंत चार वेळा पानं झाली. चूक तीन, मग एक, मग शून्य, मग पुन्हा एक.

मला ते शेवटचं 'पुन्हा एक' आवडलं नाही. पण मी तोंडाने उलटंच बोलले, कारण मला तसंच बोलता येतं. "काकू, घरी जमलं ते ठीक आहे. त्या फ्रिजात, चाळीस जणांत जमणार नाही. उद्या तुमची एक तरी चूक निघणार. लावा शर्त."

"काय लावतेस?"

"तुम्ही सांगा."

काकूंनी एक क्षणही घेतला नाही. "मी हरले तर जाताना हे मशीन तुला. तू हरलीस तर एक महिना कोणाचीही नक्कल करायची नाही. माझी नाही, आईची नाही, दूधवाल्याचीसुद्धा नाही."

मशीन मला नको होतं. पण मागे कसं हटणार? म्हणाले, "मंजूर."

सोमवारी काकू जागेवर बसल्या आणि पुटपुटायला लागल्या. दहा मिनिटांत डाव्या बाजूची मुलगी वळून बघायला लागली, मग उजव्या बाजूची. नागेश चवड्यांवर चालत आला.

"मॅडमगारू, साइलेंस का रूल है ना. लोगां डिस्टर्ब होरे."

काकू थांबल्या नाहीत, फक्त 'अंगठा' झाल्यावर म्हणाल्या, "नागेश, लोअरला तू दुसऱ्यांदा नापास झालास, तेव्हा मी तुला महिनाभर रोज अर्धा तास जास्तीची अक्षरं सांगितली. तेव्हा लोगां डिस्टर्ब झाले नव्हते?"

नागेशने पाच मिनिटं विचार केला आणि काकूंचा कॉम्प्युटर उचलून जनरेटरच्या भिंतीला लागून असलेल्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. तिथं म्हणे इतका घरघराट असतो की कोणी ढोल वाजवला तरी कळणार नाही. जपाची बातमी निघाली ती इथूनच. जाणारा-येणारा बघायचा तर भिंतीकडे तोंड करून एक बाई ओठ हलवतेय.

दोन्ही पानं चार वाजता झाली. शकीलाचीही झाली. कॉम्प्युटरने एकावर एक ठेवली आणि फरक दाखवला: एक.

एकच. दुसऱ्या पानाच्या मध्यावर शकीलाने एका शब्दानंतर पूर्णविराम मारला होता आणि काकूंनी मारला नव्हता. नागेशने झेरॉक्स आणून भिंगाखाली धरली. तिथं ठिपका होता. पण हा छापलेला ठिपका की झेरॉक्सच्या काचेवरची धूळ, हे काही केल्या कळेना. थोडा लहान होता, थोडा तिरका होता. शकीला म्हणाली, "मेरेकू दिखा, मैं मारी." बरोबरच होतं तिचं. काकू म्हणाल्या, "मला दिसला होता. मी म्हणूनही पाहिला. पण वाक्य तिथं संपत नाही, म्हणून..." म्हणजे तिथं त्यांनी वाचलं होतं.

नागेशला वाटलं असतं तर तो तिथल्या तिथं म्हणू शकला असता की धूळ आहे. पण तो म्हणाला, "मैं बोलूँगा तो सब बोलेंगे, गुरू को बचाया." आणि त्याने विलायतेला फॅक्स केला, की मूळ पानावर अमुक ओळीत ठिपका आहे का ते कृपया पाहून कळवावे.

दोन दिवस उत्तर नाही. त्या दोन दिवसांत काकूंनी घरातले पितळी डबे घासून काढले आणि रेमिंग्टनला तेल दिलं. मी विचारलं, तेल कशाला? म्हणाल्या, "कोणाच्याही हातात गेलं तरी चाललं पाहिजे." शर्त मी जिंकायला आले होते आणि मला जिंकायचं मुळीच नव्हतं.

बुधवारी मी कॉलेजचं प्रॅक्टिकल सोडून डबा घेऊन हिमायतनगरला गेले. काकूंचा डबा त्यांच्याजवळच होता, मी घरून दुसराच उचलून नेलेला, आत काय आहे तेही पाहिलं नव्हतं. (लोणचं होतं. नुसतं लोणचं.) मी चपला काढत होते तेवढ्यात फॅक्सची चरचर सुरू झाली. नागेशने कागद फाडला, वाचला, पुन्हा वाचला. मग तो टाय सावरत काकूंच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि जनरेटरच्या वर आवाज काढून म्हणाला, "धूळ है, मॅडमगारू. वहाँ पे कुछ नै है. धूळ है."

काकू 'टी' म्हणत होत्या. 'टी' म्हणून झाली, 'एच' म्हणून झाली, ओळ पूर्ण झाली आणि मग त्यांनी हात मांडीवर ठेवले. चष्मा काढला. तो पुसला, आणि पुसून झाल्यावर पुन्हा पुसला. शकीला उठून आली, म्हणाली, "आंटी, मेरी एक गलती होगई. चलो, साल में एक चलती," आणि माझ्या डब्यातलं लोणचं सगळ्यांत वाटून टाकलं.

उरलेला गठ्ठाही असाच बोलून बिनचूक झाला आणि पक्क्या नोकरीचं पत्र शुक्रवारी मिळालं. रविवारी संदीपचा फोन आला, तेव्हा मी मुद्दाम वर होते. काकूंनी त्याला दिवाळीला सुट्टी काढून इकडेच ये म्हणून सांगितलं. मग त्याने विचारलं असावं, आई, तिथं नेमकं काय काम करतेस, कारण काकू म्हणाल्या, "बोलते रे. दिवसभर बोलते, आणि त्याचा पगार मिळतो." फोन ठेवल्यावर त्या खुर्चीत अशा सैल बसल्या, की तीन महिन्यांनी त्यांची दहाही बोटं मला एकाच वेळी शांत दिसली.

मी ती संधी साधून म्हणाले, "काकू, पण शर्तीचं बघा. फरक तर एक निघालाच होता."

"शर्त फरकाची नव्हती. माझ्या चुकीची होती."

"पण तुम्ही तिथं वाचलंत. कंपनीचा नियम मोडलात. ठिपका खरा असता तर?"

"असता तर तू जिंकली असतीस," काकू म्हणाल्या. "नव्हता."

मी नागेशकडे अपील केलं. तो म्हणाला, त्याचा निकाल फॅक्सने आलेला आहे. मी आईकडे गेले. आईने माझं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. म्हणाली, एक महिना घरात शांतता, आणि देवाला साखर ठेवली.

तेव्हा हरले ती हरले. आज अठरावा दिवस आहे. परवा घरमालक जिन्यात शिंकून, घसा खाकरून, मग 'राम' म्हणून पुन्हा शिंकले, आणि मला दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरावं लागलं. काल माझी मैत्रीण दीपाली तिच्या नव्या मॅडमची चाल दाखवायला आली, तर मी डोळे मिटून बसले. अजून बारा दिवस. शर्त तोंडाची होती. लिहिण्याबद्दल काकू काही बोलल्या नव्हत्या, म्हणून हे लिहून काढलं.